पणजीतलं फदफदं

प्रवासाची तयारी या विषयात आमच्या बायकोच्या मामांइतका अधिकारी पुरुष साऱ्या पुण्यात नाही, आणि प्रत्यक्ष प्रवासाच्या बाबतीत त्यांच्याइतका कोरा माणूसही नाही. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना स्वतःला कधीच वाटलं नाही. "जावईबापू, प्रवास हा घरात करायचा असतो," ते मला नेहमी सांगत. "बाहेर नुसतं जायचं असतं." आणि हे बाहेर जाणं त्यांच्या लेखी इतकं किरकोळ होतं की बहुतेक वेळा ते राहूनच जाई. काश्मीर राहिलं ते लोकरीच्या कपड्यांच्या चाचणीमुळे. ऐन वैशाखात नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्यांनी घरातल्या सगळ्यांना स्वेटर, कानटोप्या आणि हातमोजे घालून बसवलं. पाऊण तासानं मामींना घेरी आली, तेव्हा मामांनी शांतपणे निष्कर्ष काढला की हिला काश्मीरची हवा मानवणार नाही. कन्याकुमारी राहिली, कारण तिथून पुढे रस्ता नाही हे त्यांना नकाशात आढळलं आणि ज्या गावाहून पुढे निघता येत नाही तिथे जाण्यात धोका आहे असं त्यांचं मत पडलं. त्यामुळे आयुष्यात मामा-मामींचा जो काही प्रवास झाला तो नात्यातल्या लग्नांना आणि मयतांना, म्हणजे जिथे तयारीला वेळच मिळत नाही अशा प्रसंगी.

पण दुसऱ्याला सल्ला द्यायला स्वतः जावं लागत नाही. पेठेत कुणाच्याही घरी माळ्यावरून बॅगा खाली निघाल्याचं कानावर आलं की मामा संध्याकाळी सदरा बदलून तिकडे हजर होत. शेजारचे एक गृहस्थ उटीला निघाले होते. ते बिचारे मामांकडे थर्मास मागायला आले, दोन तास बसले, आणि जाताना थर्मास तिथेच ठेवून गेले. उटीचं आरक्षण त्यांनी दुसऱ्या दिवशी रद्द केलं. एका नवविवाहित जोडप्याला मामांनी महाबळेश्वरला जाताना दोन शिट्ट्या भेट दिल्या, एक नवऱ्याला, एक बायकोला. "धुकं असतं. एकमेकांचा आवाज ओळखीचा व्हायला अजून वेळ आहे तुम्हाला," असं त्यांनी वर सांगितलं. मोबाइल तेव्हा घरोघरी आले नव्हते आणि मामांचा शिट्टीवर फार विश्वास होता. आम्ही राहायचो बिबवेवाडीला. तिथून नारायण पेठेत येणं हाही त्यांच्या दृष्टीनं प्रवासच होता. आम्ही परत निघालो की ते स्वारगेटच्या चौकाविषयी अशा काही सूचना देत, की वाटेत एखादी खिंड लागते असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्यांची सगळ्यात गाजलेली प्रथा म्हणजे बॅगेची रंगीत तालीम. भरलेली बॅग उचलून निदान नदीपर्यंत जाऊन परत आल्याशिवाय ती प्रवासाला नेण्यालायक आहे असं ते मानत नसत. पण यात एक अडचण होती. निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारू नये हा आपल्याकडचा दंडक मामा कडक पाळत. कुणी विचारलंच तर घरी परत यायचं, पाटावर बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. आता नारायण पेठेत हातात बॅग घेऊन निघालेल्या माणसाला कुणी काही विचारणार नाही, हे शक्य आहे का? पहिल्याच कोपऱ्यावर वाणी विचारी, मामा परत फिरत. दुसऱ्या खेपेला समोरच्या गॅलरीतले एक निवृत्त मास्तर खालच्या पट्टीत म्हणत, "काय, घर सोडलंत वाटतं? जागा भाड्यानं द्यायची असेल तर आधी आम्हाला सांगा." यात 'कुठे' हा शब्द नसल्यामुळे मामा थोडे घुटमळत आणि मग सावधगिरी म्हणून याही वेळी परत येत. एकदा तर ते दिवसभर निघत होते.

मामी या सगळ्याला सरावलेल्या होत्या. त्या मितभाषी होत्या. मामा सतत बोलत असल्यामुळे हा गुण त्यांना आपोआपच जडला असावा. हसल्या तरी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांनी कधी काही मागितल्याचं माझ्या बायकोला आठवत नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी जे घडलं ते आम्हाला दोघांनाही नीट आठवतं. आम्ही जेवायला गेलो होतो. मामी दूरदर्शनसमोर बसून मटार सोलत होत्या आणि बातम्यांत पणजीच्या कार्निव्हलची मिरवणूक दाखवत होते. रंगवलेले चित्ररथ, मुखवटे, नाचणारी माणसं. बातमी संपून हवामान सुरू झालं तरी मामी पडद्याकडेच बघत होत्या.

"मला हे बघायचंय," त्या म्हणाल्या.

"झालं की आत्ता बघून," मामा म्हणाले.

"तिथे जाऊन. पुढच्या वर्षी." त्यांनी मटाराची एक शेंग सोलली. "मला एकदा अशा ठिकाणी जायचंय जिथे जाऊन काही उपयोग होत नाही. दर्शन नाही, आहेर नाही, कुणाच्या घरची विचारपूस करणं नाही. नुसतं जायचं."

मामा हसून म्हणाले, "जाऊ. तयारी झाली की जाऊ."

"तयारी झाली तर तुमच्याबरोबर," मामी म्हणाल्या, "नाही झाली तर चिमीबरोबर." चिमी म्हणजे माझी बायको. आणि त्या मटार घेऊन आत गेल्या. मामांनी उठून दूरदर्शन बंद केलं. मला मात्र त्या क्षणापासून एकच धास्ती लागून राहिली, की या कार्निव्हलचं काश्मीर होऊ नये.

लक्षणं तशीच होती. मामांनी प्रथम कार्निव्हल पंचांगात शोधला. तो तिथे नव्हता. तेव्हा लष्कर भागातल्या एका ख्रिस्ती परिचितांना गाठून त्यांनी सगळी माहिती काढली आणि घरी येऊन आम्हाला सांगितली. "त्यांचे उपासाचे दिवस सुरू होतात. त्याच्या आधी खाऊन पिऊन घ्यायचं, असा प्रकार आहे. म्हणजे ही त्यांची गटारी. आपली अमावास्येला असते, त्यांचीही मी ताडून पाहिली, माघातल्या अमावास्येच्या आगेमागेच येते. मोमो नावाचा एक राजा येतो आणि 'खा, प्या, मजा करा' असा हुकूम सोडतो. चार दिवसांचं राज्य. पहिल्याच दिवशी एवढं सांगून झाल्यावर उरलेले तीन दिवस तो काय काम करतो, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही." मग त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला. अमावास्या तोंडावर असताना प्रवासाला निघायचं कसं? शिवाय महाशिवरात्रही त्याच सुमाराला, म्हणजे सगळं गाव खाणार आणि मामी साबुदाणा शोधत फिरणार. मामी पोळी लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "जाताना वद्य पक्ष असला तर येताना शुद्ध लागेल. माणूस परत येण्याशी मतलब." मामांना हे पटलं असं नाही, पण यावर उत्तर सुचेपर्यंत पोळी झाली होती.

मग हवामान आलं. पुण्याचा उकाडा कोरडा, पणजीचा दमट, आणि दमट हवेची शरीराला आगाऊ ओळख करून द्यायला हवी, असं मामांनी ठरवलं. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, दाराच्या फटीत पंचे कोंबले, दोन शेगड्यांवर मोठाली पातेली भरून पाणी उकळत ठेवलं, आणि मला आणि माझ्या बायकोला आत घेऊन बसले. थोड्या वेळानं भिंतींना पाझर फुटला. मामांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे आमचे चेहरे त्यांना दिसत नव्हते. "हे पणजी," ते समाधानानं म्हणाले. "सकाळी दहाची. दुपारसाठी अजून एक पातेलं लागेल." तेवढ्यात मामींनी दार ढकललं, आत येऊन शेगडी बंद केली आणि म्हणाल्या, "पणजी पुरे. मला दूध तापवायचंय." मी त्या वाफेतून बाहेर पडताना मामींकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. काश्मीरची घेरी त्यांच्याही लक्षात असणार.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मामांचे सल्ले सुटे सुटे घेतले तर त्यांतला एकही चुकीचा नसे. कार्निव्हलला कोरी चप्पल घालून जाऊ नये, पाय सोलवटून निघतात. अंगावर रंग उडतो, तेव्हा रंगपंचमीला काढून ठेवलेला असेल तो कपडा घालावा आणि केसांना तेल चोपडावं. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या हॉटेलात खोली घेऊ नये, दोन गल्ल्या आत घ्यावी. शहाळं आपल्यासमोर फोडून घ्यावं. कुणी आग्रहानं सरबत दिलं तर आधी वास घ्यावा. बरोबर दशम्या आणि चटणी असावी, म्हणजे जेवण कुठे मिळेल या विवंचनेत मिरवणूक हुकत नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका बघून तयार झालेला तो माणूस होता. गर्दी या विषयात त्यांना कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. अडचण एवढीच, की या सगळ्या शहाण्या सल्ल्यांची गोळाबेरीज नेहमी 'जाऊ नये' अशीच होत असे. या वेळी मामी ती बेरीज होऊ देत नव्हत्या. मामांनी अडचण काढली की त्या "बरं" म्हणत आणि त्या अडचणीची वस्तू बॅगेत टाकत. गर्दीत दुरून दिसावी म्हणून मामांनी त्यांच्यासाठी पोपटी रंगाची, गर्द जांभळ्या काठांची साडी निवडली. ती एरवी त्यांनी हळदीकुंकवालासुद्धा नेसली नसती. "बरं," मामी म्हणाल्या, आणि साडी बॅगेत गेली.

शेवटचा अडथळा मुखवट्यांचा होता. "तिथे प्रत्येकजण तोंड झाकून हिंडणार," मामा म्हणाले. "मुखवट्याआडून कुणी म्हणालं की मी तुमचाच, तर ओळखायचं कसं? आपल्याला सांकेतिक शब्द हवा. पुण्याबाहेरच्या माणसाच्या तोंडी येणार नाही, आणि आपण विसरणार नाही, असा." आम्ही बरेच शब्द सुचवले. काही फार सोपे ठरले, काही फार लांब. मामी त्या वेळी ताटात अळूची भाजी वाढत होत्या. मामांनी ताटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "फदफदं," ते म्हणाले. "अळूच्या भाजीला बाहेर कुणी असं म्हणत नाही. एकानं प्रश्नार्थक म्हणायचं, दुसऱ्यानं ठामपणे. उत्तर आलं नाही तर ते माणूस आपलं नव्हे. मग तोंडवळा कितीही जुळो." मुखवटे मात्र आपल्यापैकी कुणी विकत घ्यायचे नाहीत, हेही त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

आणि आम्ही खरोखर निघालो. मामींनी आमच्या सगळ्यांच्या हातावर दही घातलं आणि कुणी काही विचारायच्या आत रिक्षात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन उन्हात, जेवणं उरकताच, मामांनी पणजीच्या नदीकाठच्या रस्त्यावर फूटपाथवर सतरंजी अंथरली, घडीचं स्टूल मांडलं, काळी छत्री उघडली आणि जागा धरली. त्या अख्ख्या रस्त्यावर जागा धरणारे फक्त आम्हीच होतो. मागच्या दुकानाचा मालक बाहेर आला. त्यानं आमच्याकडे, सतरंजीकडे आणि दशम्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "आजोबा, चित्ररथ सांजेर येतले."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "म्हणूनच आत्ता बसलोय."

तो गृहस्थ मान हलवत दुकानाचं दार ओढून घ्यायला लागला. मामांनी कारण विचारलं. दुपारची झोप, असं उत्तर आलं. मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पुण्याबाहेरच्या कुठल्याही गावाविषयी त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी तोवर ऐकला नव्हता. "गाव सुसंस्कृत आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी ढोल-ताशांचा आवाज आला आणि रस्ता पाहता पाहता भरून गेला. आणि तेव्हा मामांच्या तयारीतली पहिली चूक उघडकीला आली. नारायण पेठेतून अर्ध्या मैलावर दिसली असती अशी ती पोपटी साडी त्या गर्दीत पार हरवून गेली. जो तो पोपटी, जांभळा, केशरी होता. त्या साऱ्या रस्त्यावर उठून दिसत असतील तर एकटे मामा, पांढरा सदरा, राखी विजार आणि उघडी काळी छत्री. मामी थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मी जरा पुढून बघते," आणि मामांनी "अगं" म्हणेपर्यंत त्या गर्दीत शिरल्या होत्या.

मामांनी शिट्टी काढली. इथे दुसरी चूक उघडी पडली. कार्निव्हलमध्ये येताना शिट्टी आणण्याची कल्पना आणखी हजारभर लोकांना सुचली होती. मामा एकदा वाजवायचे आणि चारी बाजूंनी उत्तरं यायची. प्रत्येक उत्तरासरशी ते त्या दिशेनं दोन पावलं धावत आणि परत सतरंजीवर येत, कारण जागा सोडून चालणार नव्हतं. शेवटी माझी बायको मामींना शोधायला एका बाजूला गेली आणि मी मामांबरोबर थांबलो. ते स्टुलावर बसत आणि लगेच उठत. मी म्हटलं, "अहो मामा, येतील त्या. लहान का आहेत?" ते म्हणाले, "ती कधी एकटी तुळशीबागेतसुद्धा गेलेली नाही हो." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आल्यासारखं वाटलं.

आता उरला सांकेतिक शब्द. मामांनी जवळून जाणाऱ्या प्रत्येक मुखवटाधारी स्त्रीला, जरा पुढे वाकून, अदबीनं विचारायला सुरुवात केली, "फदफदं?" पहिल्या दोघी घाबरून बाजूला झाल्या. तिसरी स्त्री नव्हतीच. परकर-पोलकं घातलेला तो एक धिप्पाड गृहस्थ होता. त्यानं "हॅपी कार्निव्हल, अंकल," म्हणून मामांच्या डोक्यावर कागदाची सोनेरी टोपी ठेवली. मामांना ती काढायचं भान नव्हतं. मग रंगीत पिसं लावलेल्या तरुण मुलामुलींचा एक तांडा आला. त्यांच्यातल्या एका मुलीला मामांनी विचारलं, "फदफदं?" ती थांबली. "काय? परत सांगा," म्हणाली. मामांनी परत सांगितलं. तिला तो शब्द भलताच आवडला. तिनं तो मागच्याला सांगितला, त्यानं ढोलवाल्याला, आणि ढोलवाल्याला त्यात ठेका सापडला. अर्ध्या मिनिटात तो सगळा तांडा "फद-फदं, फद-फदं" असं ओरडत नाचू लागला, आणि मागून येणाऱ्या चित्ररथावरच्या लोकांनीही तेच उचललं. मामा मटकन स्टुलावर बसले. "शब्द फुटला," ते मला म्हणाले. "आता कुणीही येईल आणि म्हणेल."

नेमक्या त्याच वेळी त्या तांड्याच्या मागच्या बाजूनं एक ठेंगणी बाई नाचत आली. डोळ्यांवर चांदीच्या कडांचा मुखवटा, पदर कमरेला खोचलेला, पायांत चप्पल नाही. नाच म्हणजे फुगडीची आणि मंगळागौरीची पावलं होती. ढोलाचा ठेका तिला चालत होता. साडी पोपटी होती आणि काठ जांभळे होते. नाचत नाचत ती मामांच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर आली आणि तिथे थांबली.

मामा उठले. कागदी टोपी सावरून पुढे वाकले. "फदफदं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदीच बारीक आला.

आजूबाजूची शेकडो माणसं तो शब्द गळा फाडून ओरडत होती. तिनं एकटीनं तो उच्चारला नाही. ती मामांकडे बघत राहिली, मग तिनं हळूच नकारार्थी मान हलवली, आणि वळून त्या ढोलाच्या मागे निघून गेली. मी "अहो, या तर" म्हणायला तोंड उघडलं, तोच मामांनी छत्रीचं टोक माझ्या पायावर टेकवलं आणि तसंच दाबून धरलं. "उत्तर दिलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे ही नव्हे." आणि ते स्टुलावर बसले. त्यानंतर त्यांनी शिट्टी वाजवली नाही की कुणाला काही विचारलं नाही. समोरून राजा मोमो गेला, मासा गेला, होडी गेली. मामा मात्र मान उंच करून तांडा गेला होता त्या दिशेलाच बघत होते.

दिवे लागल्यावर मामी परत आल्या. मुखवटा नव्हता, पदर खांद्यावर होता, चेहरा घामानं आणि कसल्याशा चंदेरी चुऱ्यानं चमकत होता. त्यांना आम्हाला शोधावं लागलं नसणार. काळी छत्री सगळीकडून दिसत होती. माझी बायकोही तेवढ्यात हात हलवत परत आली. मामींना पाहून ती काही बोलणार होती, पण मी तिला खुणेनं गप्प केलं. आता मामा प्रश्नांची सरबत्ती करणार, चप्पल कुठे गेली ते विचारणार, तेल, पाणी, ऊन, गर्दी सगळं निघणार, अशी माझी खात्री होती. मामांनी फिरकीच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि पुढे केलं. "झालं का बघून?" त्यांनी विचारलं.

"झालं," मामी म्हणाल्या. त्या सतरंजीवर बसल्या आणि डबा उघडून त्यांनी आम्हाला दशम्या वाढल्या. सगळ्यात आधी स्वतः घेतली, हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या प्रवासात आणि पुढे पुण्यातही या विषयावर ती दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. मामी पुन्हा तशाच कमी बोलू लागल्या आणि मामा तसेच जास्त.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दोघांचेही गुडघे गेले आहेत. जिना उतरायचा म्हणजेच मोठी तयारी, त्यामुळे आता कुणी कुठे जाण्याचा प्रश्न नाही. सल्ले मात्र चालू आहेत. परवाच शेजारचं एक तरुण जोडपं गोव्याला निघालं म्हणून मामांकडे आलं होतं. मी तिथेच होतो. चपलांपासून शहाळ्यापर्यंत सगळं यथासांग झालं. मग तो मुलगा म्हणाला, "आम्ही कार्निव्हलच्याच वेळी चाललोय, मामा. तिथे गर्दीत एकमेकांना धरून राहायला काय करावं?" मला वाटलं आता शिट्ट्या निघणार. मामा चष्मा पुसत म्हणाले, "त्याचं मला फारसं माहीत नाही बुवा."

ती दोघं गेल्यावर मी इतकी वर्षं राहून गेलेला प्रश्न विचारला. "मामा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही मामींना ओळखलं नव्हतंत?"

आत मामींचं काहीतरी निवडणं चाललं होतं, सुपाचा आवाज येत होता. मामांनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"न ओळखायला काय झालं? लग्न झाल्यापासून रोज ओळख देतेय ती मला, जावईबापू. एक दिवस नव्हती द्यायची तिला." मग बराच वेळ ते सुपाचा आवाज ऐकत बसले. मला वाटलं विषय संपला. मी उठून चपला घातल्या, तेव्हा ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पण किती छान नाचत होती हो. मला माहीतच नव्हतं."